लॅप स्टील गिटार

लॅप स्टील गिटार : मांडीवर आडवी ठेवून, डाव्या हातातली धातूची कांडी तारांवरून सरकवत वाजवायची गिटार. आपल्याकडे ती ‘हवाईयन गिटार’ या नावानेच अधिक परिचित आहे. उजव्या हाताच्या अंगठ्यात व बोटांत नख्या घालून तारा छेडतात. तार पडद्यावर (मानेवरील आडव्या पट्टीवर) दाबायची नसल्यामुळे मींड, म्हणजे एका स्वरावरून दुसऱ्यावर घसरत जाणे, अखंड राहते. आणि त्याच कारणाने, साध्या हत्यारांनी घरी तयार करता येणाऱ्या सुरेल वाद्यांत या गिटारीचे स्थान वरचे आहे.

उगम : हवाई बेटांवर गिटार पोहोचली ती गुरे राखण्यासाठी आणलेल्या मेक्सिकन गुराख्यांबरोबर, साधारणतः १८३०च्या दशकात, असे मानले जाते. तारा सैल करून मोकळ्या तारांतच एक पूर्ण स्वरसंघात (एकत्र वाजणारा सुसंवादी स्वरसमूह) जुळवण्याची पद्धत तेथे रुजली. कांडीने वाजवण्याला ही पूर्वतयारी आवश्यकच होती, कारण सरळ कांडी सर्व तारांना एकाच रेषेत स्पर्श करते.

कांडीचा शोध कोणाचा, याबद्दल मतभेद आहेत. सर्वाधिक मान्यता ओआहू बेटावरील लाइए गावच्या जोझेफ केकुकू (१८७४–१९३२) याला मिळते. रेल्वेच्या रुळांवर सापडलेला बोल्ट तारांवरून घसरला, किंवा खिशातला कंगवा तारांवर पडला, अशा कथा सांगितल्या जातात. त्यांतील तपशील एकमेकांशी जुळत नाहीत. काळही कुठे १८८५, कुठे १८८९ दिला जातो. १८८९ मध्ये तो होनोलूलूच्या कामेहामेहा शाळेत दाखल झाला आणि शाळेच्या कार्यशाळेत त्याने पोलादी कांडी घडवली, हा भाग मात्र अधिक विश्वसनीय वाटतो. आतड्याच्या तारांऐवजी पोलादी तारा लावणे आणि त्या फळीपासून वर उचलणे हे बदलही त्याच्याच नावावर आहेत.

दुसरा दावा गॅब्रिएल डेव्हियन याचा. हा मूळचा भारतीय. जहाजातून हवाईत पोहोचला व १८८४-८५च्या सुमारास गिटारीवर अशी घसरती वादनरीत करीत होता, असे नंतरच्या आठवणींत येते. यावरून काही संगीतशास्त्रज्ञांनी भारतीय प्रभावाची शक्यता मांडली. घसरत्या वादनाची भारतीय परंपरा जुनी आहे यात शंका नाही. देवगिरीच्या यादव दरबारात तेराव्या शतकात शार्ङ्गदेवाने रचलेल्या संगीतरत्नाकरात एकतंत्री वीणेचे वर्णन असून, तिच्या तारेवर बांबूची कम्रिका सरकवली जाई. उत्तरेची विचित्र वीणा आणि तिरुविडैमरुदूरच्या सखाराम रावांनी पुन्हा प्रतिष्ठेस आणलेले दक्षिणेचे गोट्टुवाद्यम ही त्याच तंत्राची अलीकडची रूपे. तथापि तंत्रातील साम्यावरून प्रसार सिद्ध होत नाही. अमेरिकेच्या दक्षिण भागातील कृष्णवर्णीय वादकही घराच्या भिंतीवर एकच तार ठोकून त्यावर बाटली सरकवत. डेव्हियनची साक्ष नाकारण्याचे कारण नाही. मात्र कांडी, तारा आणि त्यांची उंची या तिन्हींचा एकत्र विचार करून वाद्य सिद्ध केल्याचे श्रेय केकुकूकडेच जाते, असे म्हणणे सयुक्तिक ठरेल.

प्रसार : १९०४ मध्ये केकुकू अमेरिकेच्या मुख्य भूमीवर गेला. १९१५च्या सॅन फ्रान्सिस्को येथील जागतिक प्रदर्शनानंतर या वादनाची तेथे लाट आली. ध्वनिवर्धनाच्या गरजेतून जॉर्ज बोशां याने नालाकृती चुंबकांचे पिकअप (तारांच्या कंपनांचे विद्युत संकेतांत रूपांतर करणारे साधन) योजले. ते बसवलेल्या गिटारीचा पहिला नमुना १९३१ मध्ये हॅरी वॉटसन याने लाकडातून कोरला. १९३२ पासून तो ॲल्युमिनियममध्ये ओतून विक्रीस आला आणि आकारामुळे ‘फ्राइंग पॅन’ म्हणून प्रसिद्ध झाला. विद्युत गिटारीचा व्यापारी इतिहास या मांडीवरच्या वाद्यापासून सुरू होतो.

घरगुती बांधणी : विद्युत लॅप स्टीलला पोकळ पेटीची गरज नसते, सुमारे ८० सेंमी लांबीची, वाळलेल्या घट्ट लाकडाची सरळ फळी पुरते. तार दाबायची नसल्याने मानेला गोलाई, घडीव पडदे किंवा आत लोखंडी सळई लागत नाही. तारा ज्यांवर टेकतात त्या वरच्या टोकाचा मेरू आणि खालची घोडी या दोन्हींसाठी ॲल्युमिनियमच्या कोनपट्टीचे तुकडे चालतात. तारा फळीपासून साधारण ८ ते १० मिमी उंच ठेवतात.

नवख्यांचे काम हमखास बिघडते ते मेरूच्या खाचांपाशी. कांडी तारांच्या वरच्या अंगाला टेकते. म्हणून तारांचे माथे एका पातळीत हवेत, तळ नव्हे. जाड तारेची खाच त्या प्रमाणात खोल न केल्यास बारीक तारा कांडीखाली खरखरतात. साधी गिटार उंच मेरू बसवून बदलतानाही हीच अडचण येते, कारण तिची घोडी बहुधा किंचित कमानदार असते.

पडद्यांच्या जागी नुसत्या रेघा आखतात. उरलेल्या लांबीला दर वेळी १७.८१७ने भागून पुढची रेघ मिळते. मेरू ते घोडी अंतर ५७ सेंमी धरल्यास मेरूपासून पहिली रेघ ३.२, पाचवी १४.३, सातवी १९.० आणि बारावी २८.५ सेंमीवर येते. कांडी नेमकी रेघेच्या माथ्यावर हवी. तिरके पाहिल्यास स्वर ढळतो. शेवटचा निवाडा अर्थातच कानाचा. कांडीचे वजन साधारण १०० ते २०० ग्रॅम असते. फार हलकी कांडी तारेवर थरथरते.

जाड तारेकडून बारीक तारेकडे प सा प सा ग प ही जुळवणी रूढ आहे. ए स्वराला षड्ज मानल्यास नेहमीच्या जुळवणीपेक्षा तीन तारा दोन-दोन अर्धस्वर चढवाव्या लागतात व त्यांचा ताण सुमारे सव्वापट होतो. जुन्या पोकळ गिटारीला हे धोक्याचे आहे. तेथे जी स्वर षड्ज धरावा. मग तीन तारा उतरतात आणि स्वरांतरे तीच राहतात. सा ग प ध सा ग ही दुसरी जुळवणी १९३०च्या दशकापासून लोकप्रिय झाली.

भारतात : ताउ मो या हवाईत वाढलेल्या वादकाचे दुसऱ्या महायुद्धाच्या काळात कोलकात्यात वास्तव्य होते. मुंबईच्या चित्रपटसंगीतात व्हॅन शिप्ली यांच्या गिटारीने हा नाद घरोघरी पोहोचवला. रागसंगीतासाठी ब्रिजभूषण काब्रा यांनी ती स्वीकारली. विश्वमोहन भट्ट यांनी तरफा (मुख्य तारांबरोबर आपोआप झंकारणाऱ्या तारा) जोडून मोहनवीणा सिद्ध केली, तर देबाशिष भट्टाचार्य यांनी चतुरंगी, गांधर्वी आणि चार तारांची आनंदी अशी तीन वाद्ये स्वतः आखली.