किनाऱ्यालगत उलटलेली जहाजे

१६२८ च्या उन्हाळ्यात स्टॉकहोममध्ये 'वासा' या कोऱ्या करकरीत युद्धनौकेची चाचणी घेतली गेली. तीस खलाशी डेकच्या एका कडेवरून दुसऱ्या कडेला एकदम धावत सुटले, तिथून मागे फिरले, पुन्हा धावले. तीन फेऱ्यांतच नौका इतकी हेलकावू लागली की ॲडमिरल फ्लेमिंग यांनी चाचणी थांबवायला लावली. दोष समोर दिसत होता, पण स्वीडनचा राजा गुस्टाव्ह अडॉल्फला नौका लवकर हवी होती. १० ऑगस्टला वासा निघाली. १३०० मीटर जाते न जाते तोच वाऱ्याच्या झोताने ती डावीकडे कलली, खालच्या मजल्यावरच्या तोफांच्या उघड्या खिडक्यांतून पाणी आत घुसले आणि नौका ३२ मीटर खोल तळाशी गेली. सुमारे तीस माणसे दगावली.

वादळ नव्हते, खडक नव्हता. मग बिघडले कुठे?

जहाजाचे सगळे वजन जिथून खाली ओढते तो गुरुत्वमध्य. बाजूला सारलेले पाणी जिथून वर ढकलते तो प्लावनमध्य. जहाज कलले की पाण्यात बुडालेल्या भागाचा आकार बदलतो आणि प्लावनमध्य कललेल्या बाजूकडे सरकतो. तिथून सरळ वर रेघ काढली, तर ती जहाजाच्या मधल्या रेषेला जिथे छेदते त्या बिंदूला मेटासेंटर म्हणतात. फ्रान्सच्या पिएर बुगे यांनी १७४६ मध्ये ही कल्पना मांडली, म्हणजे वासा बुडाल्यावर शतक उलटून गेले होते. गुरुत्वमध्य मेटासेंटरच्या खाली असेल तर जहाज पुन्हा सरळ होते. वर गेला तर आडवे होते. दोघांमधले अंतर फार मोठे असणेही बरे नाही. तसे जहाज झटक्यात सरळ होते आणि त्या हिसक्यांनी मालाचे दोर तुटतात.

वासावर ६४ तोफा होत्या, त्या दोन मजल्यांवर विभागलेल्या, आणि वरचा लाकडी सांगाडाही गरजेपेक्षा भक्कम. तळाशी दगडांचे नीरम, म्हणजे जहाज स्थिर राहावे म्हणून भरलेले वजन, सुमारे १२० टन होते. अजून दगड भरायला हवे होते, असे पुष्कळजण म्हणतात, पण तेवढ्याने भागले नसते. वजन वाढले की नौका आणखी खाली बसते आणि तोफांच्या खिडक्या पाण्याच्या अधिकच जवळ येतात.

त्या तीस खलाशांची धाव आज मोजमापात बसवली आहे. जहाज शांत पाण्यात उभे करतात, बांधलेले दोर सैल सोडतात, सुटे सामान आवळतात, माणसांना जागच्या जागी उभे करतात. आत एक लांब लंबक टांगतात आणि तो झुलत राहू नये म्हणून त्याचे टोक तेलाच्या किंवा पाण्याच्या कुंडात बुडवतात. मग ठरावीक वजन डेकवर आडवे सरकवतात. समजा जहाज १००० टनांचे आहे, ५ टन वजन ८ मीटर सरकवले आणि ३ मीटरचा लंबक १२ सेंटिमीटर हलला. वजन आणि सरकलेले अंतर यांचा गुणाकार ४०, कल ०.१२ भागिले ३, म्हणजे ०.०४. आता ४० ला १००० गुणिले ०.०४ ने, म्हणजे ४० ने, भागले की उत्तर १ मीटर. गुरुत्वमध्य मेटासेंटरच्या एवढा खाली आहे.

या चाचणीत एक पथ्य कटाक्षाने पाळतात: टाक्या एकतर काठोकाठ भरलेल्या हव्यात, नाहीतर कोरड्या. अर्धवट भरलेल्या टाकीतले पाणी कललेल्या बाजूकडे धावते आणि कल आणखी वाढवते. परातीत पाणी घेऊन चाललात तर हे हातालाच कळते. हा परिणाम पाण्याच्या रुंदीच्या घनावर अवलंबून असतो. म्हणून टाकीच्या मधोमध उभी भिंत घातली की प्रत्येक अर्ध्या भागाचा परिणाम आठवा हिस्सा उरतो, दोन्हींचा मिळून चौथा. एका साध्या पत्र्याने एवढा फरक पडतो!

न्यूयॉर्कच्या धक्क्यावर 'नॉर्मंडी' या भव्य प्रवासी जहाजाचे सैनिकी जहाजात रूपांतर चालू होते. ९ फेब्रुवारी १९४२ ला कामाच्या ठिणगीने लाइफ जॅकेटांचा ढीग पेटला. आग विझवायला हजारो टन पाणी मारले गेले आणि ते वरच्या मजल्यांवर साचले. उंचावर वजन, तेही इकडून तिकडे वाहणारे. जहाजाचे रचनाकार व्लादिमिर युर्केविच यांनी तळाचे व्हॉल्व्ह उघडून जहाज उभेच्या उभे तळावर बसवावे असे सुचवले. कुणी ऐकले नाही. आग आटोक्यात आली, पण पहाटेच्या आधी जहाज धक्क्याशीच आडवे झाले.

शिकागो नदीत २४ जुलै १९१५ ला 'ईस्टलँड' ही प्रवासी बोट अशीच धक्क्याला बांधलेली असताना उलटली. अडीच हजारांहून जास्त माणसे, वर नुकत्याच चढवलेल्या जादा जीवरक्षक होड्या. ८४४ जण गेले, काठापासून काही मीटरवर.

'हेरल्ड ऑफ फ्री एंटरप्राइज' ही मोटारी वाहणारी फेरी ६ मार्च १९८७ ला बेल्जियमच्या झेब्रुगहून निघाली तेव्हा तिची पुढची दारे उघडीच होती. धक्क्याचा उतार तिच्या वरच्या डेकशी जुळावा म्हणून पुढच्या टाक्यांत पाणी भरून नाळ, म्हणजे जहाजाचे पुढचे टोक, खाली झुकवली होती, आणि ते पाणी पुरते काढलेले नव्हते. उथळ पाण्यात वेग घेतला की तळाखालचा दाब घटतो आणि जहाज आणखी खाली बसते; पुढची लाटही वर चढते. ती लाट सरळ मोटारींच्या डेकवर शिरली. असे डेक एका टोकापासून दुसऱ्यापर्यंत मोकळे असते, कारण आडव्या-उभ्या भिंती घातल्या तर गाड्या जाणार कुठून? जहाजाच्या जवळजवळ पूर्ण रुंदीचे ते पाणी एका बाजूला धावले आणि साधारण दीड मिनिटात फेरी वाळूच्या उथळ्यावर कुशीवर पडली. १९३ माणसे मेली.

दारे बंद झाली की नाही हे ब्रिजवरून, म्हणजे जिथून जहाज चालवतात तिथून, दिसतच नव्हते. तिथे सूचक दिवे लावावेत अशी मागणी त्या कंपनीच्या कॅप्टनांनी आधी केली होती आणि ती नाकारली गेली होती. अपघातानंतर आंतरराष्ट्रीय नियम बदलले आणि अशा जहाजांच्या ब्रिजवर दारांचे दिवे सक्तीचे झाले.