घराचा सौदा करण्याआधी : आमच्या ग्राहकांसाठी माहितीपत्रक

जळगाव, धुळे आणि नंदुरबार जिल्ह्यांत घर, प्लॉट किंवा फ्लॅट घेणारे, विकणारे आणि गृहकर्ज एका बँकेतून दुसरीकडे नेणारे ग्राहक आम्हाला जे प्रश्न नेहमी विचारतात, त्यांची उत्तरे या पत्रकात आहेत. बहुतेक व्यवहार अडतात ते सहीवर. जिची सही हवी होती ती घेतलेलीच नसते, किंवा ज्याने सही केली त्याला एकट्याला विकण्याचा हक्क नसतो. आखाजीचा मुहूर्त गाठायचा म्हणून आधी पैसे देऊन मग कागद दाखवायला आणू नका, क्रम उलटा ठेवा.

मालकी कोणत्या कागदावर दिसते?

जागा कुठे आहे त्यावर ते अवलंबून आहे. सिटी सर्व्हे झालेल्या शहरी भागात मिळकत पत्रिका, म्हणजे प्रॉपर्टी कार्ड. ले-आउट पडलेल्या भागात प्लॉटचा सातबारा, सोबत बिनशेती आदेश आणि मंजूर ले-आउटचा नकाशा. गावठाणात मात्र विक्रेता बहुधा ग्रामपंचायतीचा नमुना ८ पुढे करतो. त्यात ‘धाब्याचे घर’, लांबी-रुंदी आणि मालक म्हणून नाव असले, तरी ती कर आकारणीची नोंद आहे. घरपट्टी कोणाकडून घ्यायची एवढेच तिच्यावरून ठरते. स्वामित्व योजनेत (२०२०पासून) ड्रोनने गावठाणांची मोजणी होऊन मिळकत पत्रिका तयार होत आहेत. तुमच्या गावात ती तयार असेल तर तीच मागा. नसेल तर जुनी खरेदीखते, वाटणीपत्र आणि चारही शेजाऱ्यांच्या कागदांतील चतुःसीमा जुळवून पाहाव्या लागतात.

सातबाऱ्यावर नाव लागले म्हणजे मालकी पक्की झाली, हा समज फार खोलवर आहे. फेरफार, म्हणजे नाव बदलाची नोंद, ही महसुली नोंद आहे. मालकी खरेदीखत, वारसा, वाटणी किंवा बक्षीसपत्रातून येते, आणि नोंद त्यामागून येते. म्हणून आम्ही ३० वर्षांचा शोध घेतो: सूची क्रमांक २ची (नोंदवलेल्या दस्तांच्या सरकारी सूचीची) पाने, सगळे जुने फेरफार आणि प्रत्येक हस्तांतरणाचा मूळ दस्त. मधली एक कडी जरी सापडली नाही तरी बँकेचा वकील तिथेच थांबतो.

सातबाऱ्यावर आधी ‘इतर हक्क’ हा रकाना वाचा, नावे नंतर. ‘वि. का. सोसायटी इकरार रु. ६०,०००’ (गावच्या विविध कार्यकारी सोसायटीचे कर्ज) अशी ओळ असेल तर पीककर्जाचा बोजा अजून उतरलेला नाही. कर्ज बारा वर्षांपूर्वी फिटलेले असते, पण सोसायटीचा दाखला घेऊन बोजा कमी करायला कोणी तलाठ्याकडे (आता ग्राम महसूल अधिकारी) गेलेलेच नसते. हे काम सौद्याआधी विक्रेत्याने करावे. ‘नंतर करून देतो’ यावर जाऊ नका.

बहिणींच्या सह्या लागतात का?

मिळकत वडिलोपार्जित असेल तर लागतात. हिंदू उत्तराधिकार कायद्यात ९ सप्टेंबर २००५पासून अमलात आलेल्या दुरुस्तीने मुलीला जन्मतःच मुलाइतका हक्क मिळाला. वडील त्याआधी वारले असले तरी हा हक्क लागू होतो, असे सर्वोच्च न्यायालयाने ऑगस्ट २०२०मध्ये स्पष्ट केले. वडिलांच्या स्वकष्टार्जित घरातही, मृत्युपत्र नसेल, तर आई, मुलगे आणि मुली सगळेच वारस असतात. ‘बहिणीने तोंडी सोडून दिले आहे’ किंवा ‘लग्नात दिले ना सगळे’ याला कायद्यात जागा नाही. नोटरीपुढे केलेले हक्कसोडपत्रही चालत नाही, ते दुय्यम निबंधक कार्यालयात नोंदवलेलेच हवे. वडिलोपार्जित मिळकतीत भावाच्या किंवा आईच्या नावे केलेल्या हक्कसोडपत्राला मुद्रांक नाममात्र लागतो, त्यामुळे खर्चाचे कारणही टिकत नाही.

सातबाऱ्यावर फक्त भावांची नावे दिसतात, कारण वारस नोंदीच्या वेळी बहिणींची नावे लावलीच गेली नाहीत. म्हणून वडील वारल्यानंतरचा वारस फेरफार काढून कोणाकोणाची नावे सांगितली होती ते आम्ही पाहतो. ज्या बहिणी वारल्या असतील त्यांच्या मुलांचाही हक्क उरतो.

वारसांपैकी कोणी अज्ञान (१८ वर्षांखालील) असेल तर त्याच्या हिश्श्यासाठी जिल्हा न्यायालयाची परवानगी घ्यावी. ती न घेता आईने मुलाच्या वतीने सही केली, तर १८ वर्षे पूर्ण झाल्यावर तीन वर्षांच्या आत तो मुलगा खरेदी रद्द करायला न्यायालयात जाऊ शकतो.

बहीण सुरतला आणि भाऊ पुण्याला, असे चित्र आपल्याकडे घरोघर आहे. सगळ्यांना एकाच दिवशी आणणे जमत नसेल तर मुखत्यारपत्र करता येते, पण ते देणारी व्यक्ती जिथे राहते तिथल्या निबंधकासमोर सही करून प्रमाणित करून घ्यावे लागते. दुसऱ्या राज्यात झालेले मुखत्यारपत्र महाराष्ट्रात पोहोचल्यापासून तीन महिन्यांच्या आत त्यावर इथला मुद्रांक भरावा लागतो. मुखत्यारपत्र देणारी व्यक्ती वारली की ते संपते. म्हणून खरेदीच्या दिवशी ती हयात असल्याचे प्रतिज्ञापत्र सोबत ठेवावे. आणि फक्त मुखत्यारपत्र व पैशांची पावती घेऊन ‘घर घेतले’ असे समजू नका. त्यातून मालकी मिळत नाही, हे सर्वोच्च न्यायालयाने २०११मध्येच सांगितले आहे.

आदिवासी जमीन, वर्ग २ आणि गुंठेवारी

नंदुरबार जिल्हा, साक्री-शिरपूर पट्टा आणि चोपडा, यावल, रावेर या भागांत हा प्रश्न पहिलाच विचारायचा. आदिवासी खातेदाराची जमीन बिगर-आदिवासी व्यक्तीला विकायची असेल, तर महाराष्ट्र जमीन महसूल संहितेच्या कलम ३६अ प्रमाणे जिल्हाधिकाऱ्यांची परवानगी लागते आणि तिला शासनाची पूर्वमान्यता हवी असते. परवानगीशिवाय झालेली खरेदी रद्द होऊन जमीन मूळ मालकाला परत जाऊ शकते, मग त्यावर तुमचे घर उभे असले तरी. जमीन एनए (बिनशेती) झाली म्हणून प्रश्न मिटला असे धरू नका. आजचा विक्रेता बिगर-आदिवासी असला तरी साखळीत मागे कोणी आदिवासी खातेदार होता का, ते पाहावे लागते.

भोगवटादार वर्ग २ची जमीन, मग ती कूळकायद्यात मिळालेली असो वा शासनाने दिलेली, तिच्यावर परवानगी आणि नजराण्याची (शासनाला भरायच्या रकमेची) अट असू शकते. धरणग्रस्तांना पुनर्वसनात मिळालेले प्लॉटही बहुधा असेच असतात. शहराच्या कडेला शेतातून गुंठ्या-गुंठ्याने पाडलेल्या प्लॉटांत तुकडेबंदी (जमिनीचे फार लहान तुकडे करायला मनाई) आणि एनए हे दोन्ही प्रश्न येतात. नियमितीकरणाचा आदेश हातात नसेल तर किंमत कितीही कमी असली तरी बँक कर्ज देणार नाही आणि पुढे तुम्हालाही ग्राहक सापडणार नाही.

सौदा पावती, साठेखत, खरेदीखत

सौदा पावती हा फक्त करार आहे. साठेखत (पुढे खरेदीखत करून देण्याचा करार) नोंदवले तर तुमचा करार सरकारी दप्तरी दिसतो आणि मालक त्याच जागेचा दुसरा सौदा करायला धजत नाही. खरेदीखत झाले की मालकी. साठेखतात ताबा दिला असेल तर मुद्रांक खरेदीखताइतकाच लागतो, मात्र तो पुढच्या खरेदीखतात वजा होतो. ठरलेल्या तारखेला विक्रेता फिरला तर करारपूर्तीचा दावा तीन वर्षांच्या आत करावा लागतो, म्हणून करारात तारीख लिहा. ‘लवकरच’ लिहून चालत नाही.

कापूस किंवा केळीचे पैसे रोखीने हातात आले की सौदाही रोखीने करण्याचा मोह होतो. स्थावर मिळकतीच्या व्यवहारात २०,००० रुपये किंवा जास्त रोख घेणाऱ्याला तेवढ्याच रकमेचा दंड होऊ शकतो. धनादेश, डीडी किंवा आरटीजीएस वापरा आणि त्याचे क्रमांक दस्तात लिहा.

सौद्याची रक्कम किंवा सरकारी मूल्य ५० लाख किंवा जास्त असेल तर खरेदीदाराने १ टक्का टीडीएस (विक्रेत्याच्या आयकरापोटीची कपात) कापून, ज्या महिन्यात कापला त्याच्या अखेरीपासून ३० दिवसांत भरायचा असतो. विक्रेता अनिवासी असेल तर नियम वेगळे आणि दर जास्त. तसे असेल तर आधी भेटा.

खर्च किती?

जळगाव आणि धुळे महापालिका हद्दीत मुद्रांक ५ टक्के आणि १ टक्का स्थानिक अधिभार, एकूण ६ टक्के. नोंदणी फी १ टक्का, पण ३०,००० रुपयांहून जास्त नाही. दस्त हाताळणी शुल्क पानागणिक वेगळे लागते. ४० लाखांच्या फ्लॅटला मुद्रांक २,४०,००० आणि नोंदणी ३०,००० झाले. राहते घर फक्त महिलेच्या नावावर घेतले तर मुद्रांकात १ टक्का सूट मिळते, म्हणजे याच फ्लॅटवर ४०,००० रुपये वाचतात. पती-पत्नी दोघांच्या नावे घेतले तर ही सूट जाते. मुद्रांक मोजला जातो तो सौद्याची रक्कम आणि वार्षिक मूल्यदर तक्त्याप्रमाणे येणारे मूल्य यांपैकी जे जास्त असेल त्यावर. हा तक्ता साधारणपणे १ एप्रिलला बदलतो, म्हणून मार्चअखेर कार्यालयांत गर्दी होते आणि सर्व्हर रखडतो. जमले तर फेब्रुवारीत उरका.

नोंदणीच्या दिवशी मूळ आधार, पॅन, दोन ओळखदार आणि भरलेल्या ई-चलनाची प्रत लागते. दस्त परत येतो तो बहुधा क्षुल्लक कारणाने: आधारवर ‘सुरेशभाऊ’ आणि सातबाऱ्यावर ‘सुरेश’, किंवा गट क्रमांक जुना आणि प्लॉट क्रमांक नवा. प्लॉट घेत असाल तर भूमी अभिलेखच्या मोजणीची ‘क’ प्रत आधी काढा. शेजाऱ्याची भिंत तुमच्या हद्दीत दोन फूट आली आहे, हे खरेदीनंतर कळण्यात अर्थ नाही.

नवा फ्लॅट असेल तर प्रकल्पाचा महारेरा क्रमांक तपासा. किमतीच्या १० टक्क्यांहून जास्त रक्कम नोंदणीकृत करार झाल्याशिवाय बिल्डरला घेता येत नाही. जुना फ्लॅट असेल तर भोगवटा दाखला, सोसायटीचा शेअर दाखला आणि घरपट्टी-पाणीपट्टीची थकबाकी पाहा.

कर्ज दुसऱ्या बँकेत नेताना

आधी हिशेब करा. २० लाख बाकी असताना व्याजदर अर्धा टक्का कमी मिळाला तर पहिल्या वर्षी साधारण १०,००० रुपये वाचतात. नव्या तारणावर मुद्रांक ०.३ टक्के, म्हणजे ६,००० रुपये, शिवाय प्रक्रिया शुल्क आणि वकील-मूल्यांकनाचा खर्च. हप्ते चार-पाच वर्षांचेच उरले असतील तर हा उपद्व्याप परवडत नाही. जुन्या बँकेला लेखी अर्ज करून दर कमी करून घ्या, बऱ्याच बँका छोट्या शुल्कावर करून देतात. बदलत्या दराच्या वैयक्तिक गृहकर्जावर मुदतपूर्व फेडीचा दंड बँकेला लावता येत नाही, तो मागितला तर ते लेखी द्यायला सांगा.

जायचेच ठरले तर जुन्या बँकेकडून दोन कागद घ्या: फोरक्लोजर लेटर (कर्ज पूर्ण फेडायला लागणाऱ्या रकमेचे पत्र) आणि तिच्याकडच्या मूळ कागदांची यादी. नवी बँक धनादेश तुमच्या नावाने काढत नाही, जुन्या कर्जखात्याच्या नावाने काढते. मूळ कागद जुन्या बँकेच्या मध्यवर्ती कोठीतून यायला वेळ लागतो आणि तेवढ्या काळात नवी बँक जादा व्याज लावते का, ते मंजुरीपत्रात वाचा. कागद हातात आल्यावर यादीशी एकेक करून जुळवा. नव्या तारणाची सूचना ३० दिवसांत दुय्यम निबंधक कार्यालयात दाखल करावी लागते. जुन्या बँकेचा बोजा सातबारा किंवा मिळकत पत्रिकेवरून आणि सरसाईच्या (तारणांची केंद्रीय नोंद ठेवणाऱ्या संस्थेच्या) नोंदवहीतून उतरला का, हेही तपासा.

कर्ज पूर्ण फिटल्यावर ३० दिवसांत मूळ कागद परत देण्याचे बंधन रिझर्व्ह बँकेने १ डिसेंबर २०२३पासून घातले आहे. बँकेमुळे उशीर झाला तर दिवसाला ५,००० रुपये भरपाई मिळते. पतसंस्था रिझर्व्ह बँकेच्या कक्षेत येत नाहीत, त्यांना हा नियम लागू नाही. आपल्याकडे पतसंस्थांचे तारण जागोजागी आहे. संस्था अवसायनात (कायद्याने बंद करण्याच्या प्रक्रियेत) असेल तर नाहरकत दाखला अवसायकाच्या सहीने घ्यावा लागतो. जुन्या व्यवस्थापकाची सही चालत नाही. आणि हा दाखला मिळेपर्यंत खरेदीखताची तारीख धरू नका.

विकणाऱ्यांसाठी

घर दोन वर्षांहून जास्त काळ तुमच्याकडे असेल तर नफा दीर्घ मुदतीचा धरला जातो. २३ जुलै २०२४च्या आधी घेतलेल्या घराला रहिवासी व्यक्ती १२.५ टक्के किंवा महागाई निर्देशांक लावून २० टक्के, यांपैकी कमी कर निवडू शकते. नफा दुसऱ्या घरात गुंतवायचा असेल तर विक्रीच्या एक वर्ष आधी किंवा दोन वर्षांत घर घ्या, अथवा तीन वर्षांत बांधा. विवरणपत्राच्या मुदतीपर्यंत घर सापडले नाही तर रक्कम भांडवली नफा खात्यात ठेवावी लागते. साध्या बचत खात्यात ठेवली तर सूट जाते.

खरेदीखतानंतर फेरफाराची नोटीस निघते आणि हरकतीला १५ दिवस असतात. त्या काळात खरेदीदार आणि विक्रेता दोघांनीही फोन चालू ठेवावेत, आणि वीजमीटर, घरपट्टी, पाणीपट्टी यांवरची नावे त्याच महिन्यात बदलून घ्यावीत.