पान उलटून पाहिल्याशिवाय

निफाडकडची मांडवाची द्राक्षबाग. ऑक्टोबर छाटणी झालेली, पानं नुकतीच मोठी होत होती. मांडवाखाली उभं राहिलं की पानाची खालची बाजूच दिसते. तिथे पांढरं दिसताच दोन हंगामांचा अनुभव असलेला पुतण्या म्हणाला, "काका, भुरी आलीये. आजच फवारू." काकांनी पान तोडलं, उलटं केलं. वरच्या बाजूला तेलकट पिवळा डाग. "डाऊनी वाटतोय. पण थांब, अजून चार वेली बघू."

भुरी आणि डाऊनी हे द्राक्षाच्या पानांवरचे दोन वेगळे रोग, दोन्हींची औषधं वेगळी. डाऊनीला पान ओलं लागतं, भुरीला तशी गरज नसते. पुतण्याला हे माहीत नव्हतं, म्हणून आपण चुकू शकतो हेही त्याला सुचलं नाही. रोग ओळखायला जे ज्ञान लागतं, तेच आपली चूक ओळखायलाही लागतं.

कॉर्नेल विद्यापीठातल्या डेव्हिड डनिंग आणि जस्टिन क्रूगर यांनी 1999 मध्ये नेमकं हेच मांडलं. त्यांनी विद्यार्थ्यांना तर्क, व्याकरण, विनोदाची पारख अशा चाचण्या दिल्या. सर्वांत मागच्या चौथाईतले विद्यार्थी सरासरी शंभरातल्या जेमतेम 12 जणांच्या पुढे होते. त्यांना मात्र वाटत होतं, 62 जणांच्या. हुशार मुलं स्वतःला थोडं कमी लेखत होती, कारण आपल्याला सोपं गेलं ते सगळ्यांनाच गेलं असेल, असा त्यांचा समज. इतरांच्या उत्तरपत्रिका दाखवल्यावर त्यांनी आपला अंदाज सुधारला. मागच्यांना त्या बघूनही काही उमगलं नाही. पुढे तर्काचं थोडं प्रशिक्षण दिल्यावर मात्र त्यांनाही आपल्या चुका दिसू लागल्या, आणि मला हा भाग सगळ्यात मोलाचा वाटतो.

व्हॉट्सअ‍ॅपवर फिरणारा 'मूर्खपणाचा डोंगर', म्हणजे सगळ्यात कमी कळणाऱ्याचा आत्मविश्वास सगळ्यात उंच दाखवणारा आलेख, मात्र त्या मूळ शोधनिबंधात कुठेच नाही. त्यातही कच्च्या विद्यार्थ्यांचा स्वतःबद्दलचा अंदाज हुशारांच्या स्वतःबद्दलच्या अंदाजापेक्षा कमीच होता, फक्त फरक असायला हवा तेवढा नव्हता. शिवाय तळाला असलेल्याचा अंदाज चुकला तर तो वरच चुकणार, त्यामुळे या परिणामाचा काही भाग निव्वळ आकड्यांचा खेळ आहे, असा आक्षेप संख्याशास्त्रज्ञ घेतात. तो रास्त आहे.

काकांनी चार वेली पाहिल्या. तिघींवर डाऊनी, चौथीवर खरोखरच भुरी. पुतण्या खुशीत हसला. काकांनी तेही पान उलटून पाहिलं.