‘इन द टीथ ऑफ’: दातांत सापडणे नव्हे

‘इन द टीथ ऑफ पब्लिक ऑपोझिशन’ या इंग्रजी वाक्प्रचाराचा अर्थ ‘जनविरोधाच्या दातांत सापडणे’, म्हणजेच कोंडी होणे, असा कधी कधी लावला जातो. हा अर्थ चुकीचा आहे. विरोध समोर उभा असताना त्याला न जुमानता कृती करणे, हा त्याचा खरा अर्थ. त्यामुळे ‘द गव्हर्नमेंट पास्ड द लॉ इन द टीथ ऑफ पब्लिक ऑपोझिशन’ या वाक्यातील सरकार अडकलेले नसून त्याने विरोध डावलून कायदा संमत केलेला आहे.

गोंधळाचे मूळ बहुधा ‘जॉज ऑफ डेथ’ (मृत्यूचा जबडा) या प्रयोगात असावे. त्यातला जबडा गिळणारा आहे. इथले दात मात्र समोरच्याने विचकलेले आहेत. मध्ययुगीन इंग्रजीतही ‘त्याच्या दातांना न जुमानता’ अशा अर्थाचा प्रयोग आढळतो, म्हणून ही केवळ खलाशांची भाषा आहे, हा दुसरा समजही टिकत नाही. अर्थात ‘वाऱ्याच्या दातांत’ जाणे म्हणजे थेट उलट्या वाऱ्यात शिरणे हा प्रयोगही रूढ आहेच. गंमत अशी की शिडाच्या जहाजाला तसे सरळ जाताच येत नाही, त्याला नागमोडी वाट काढावी लागते.

विरोध प्रत्यक्ष आणि उघड असेल तरच हा वाक्प्रचार शोभतो. लोक नुसते उदासीन असतील तर नाही. मराठीत ‘विरोधाला न जुमानता’ हा नेमका पर्याय आहे. ‘नाकावर टिच्चून’ अधिक जवळचा वाटतो खरा, पण त्यात खिजवण्याची छटा आहे आणि ती मूळ प्रयोगात असेलच असे नाही.