टूल निळं पडलं म्हणजे वाया गेलं का?

ठाण्यात वागळे इस्टेटच्या गाळ्यांत लेथ शिकलेले आणि आता घरीच छोटा लेथ मांडलेले अनेकजण ठामपणे सांगतात: ग्राइंडरवर धार लावताना टूलचं (धातू कापणाऱ्या हत्याराचं) टोक निळं पडलं की पाणी उतरलं, म्हणजे कडकपणा गेला, तेवढा भाग घासून टाका. कार्बन स्टीलच्या पटाशीला हे लागू आहे. तिची धार साधारण 200 ते 250 अंश सेल्सिअसला टेंपर केलेली (कडक केल्यावर ठिसूळपणा कमी करायला पुन्हा तापवलेली) असते, आणि निळा रंग 300च्या आसपास येतो. तिथे धार खरंच मऊ होते.

एचएसएसचं (हाय स्पीड स्टीलचं, ज्याची लेथची टूल्स बनतात) तसं नाही. एम2 सारखं (एचएसएसचाच एक प्रकार) स्टील मुळातच 550 अंशांच्या आसपास टेंपर करतात. निळा रंग म्हणजे पृष्ठभागावरचा ऑक्साइडचा पातळ थर, बस्स. शंका असेल तर निळ्या जागी कानस फिरवून पाहा: घसरली तर टूल शाबूत, चावली तर मऊ.

टूल कशाचं, हे ठिणग्या सांगतात. कार्बन स्टीलच्या पिवळट-पांढऱ्या, फुलबाजीसारख्या फुटतात. एचएसएसच्या लालसर, मंद, जवळपास न फुटणाऱ्या.

खरं नुकसान होतं ते तापून लाल झालेलं टोक पाण्यात बुडवल्यावर. बारीक चिरा पडतात आणि पहिल्याच खोल कटला धारेची खपली उडते. थंड करायचं तर सुरुवातीपासून, दर चार-पाच सेकंदांनी बुडवा. नाहीतर हवेतच निवू द्या. ब्रेझ केलेली (पितळेसारख्या धातूने टूलला जोडलेली) कार्बाइडची, म्हणजे अतिकठीण पण ठिसूळ पदार्थाची, टिप मात्र गरम असताना पाण्याजवळही नेऊ नका.

टूल सारखंच तापतंय? ग्राइंडरचं व्हील गुळगुळीत झालंय, ड्रेसर (व्हीलचा वरचा थर खरवडणारं अवजार) फिरवा.