कऱ्हेला पाणी कुठून येते?

पुरंदर तालुक्याच्या पश्चिमेला, गराडे गावाच्या वरच्या डोंगरात कऱ्हा उगम पावते आणि सासवड, जेजुरी, मोरगाव, बारामती अशी वाहत सोनगावजवळ नीरेला मिळते. भोरच्या डोंगरांतून निघणाऱ्या नीरेला घाटमाथ्याचा पाऊस मिळतो. कऱ्हेचा उगम त्याहून पूर्वेला, पर्जन्यछायेत. उतार तीव्र, माती थोडी आणि खाली काळा कातळ. त्यामुळे पडलेले पाणी लगोलग वाहून जाते आणि पावसाळा सरला की धार तुटते.

तरीही माणसांनी या नदीला देवत्व दिले, आणि ते मनापासून दिले. सासवडला चांबळी कऱ्हेला मिळते तिथे संगमेश्वराचे देऊळ आहे. याच गावात 1296 साली सोपानदेवांनी समाधी घेतली. मोरगावचा मयूरेश्वर कऱ्हाकाठचाच. सोमवती अमावास्येला खंडोबाची पालखी जेजुरीगड उतरून कऱ्हास्नानाला निघते, तेव्हा भंडाऱ्याने सगळी वाट पिवळी होते. पण त्याच जेजुरीत पेशव्यांना आणि होळकरांना मोठे तलाव बांधावे लागले. नदी हाकेच्या अंतरावर असूनही यात्रेकरूंची तहान तिच्यावर सोपवता येत नव्हती, हे त्यांनी नेमके ओळखले होते.

खरा फरक पडला 1885च्या सुमारास. इंग्रजांनी नीरेचा डावा कालवा काढला, तो बारामतीवरून इंदापूर तालुक्यापर्यंत गेला. कालव्याखालची गावे बागायती झाली, तिथे ऊस आला, पुढे साखर कारखाने उभे राहिले. कालव्याच्या वरची, कऱ्हेच्या खोऱ्यातली गावे जिरायतीच राहिली. आजही बारामती तालुक्यात ‘बागायती पट्टा’ आणि ‘जिरायती पट्टा’ असे सर्रास बोलले जाते. एकाच तालुक्यातल्या दोन शेतकऱ्यांचे नशीब कालव्याच्या रेषेने ठरावे, ही मला या खोऱ्याच्या इतिहासातली सर्वांत बोचणारी गोष्ट वाटते.

पुढे जेजुरीजवळ कऱ्हेवर नाझरे धरण, म्हणजे मल्हारसागर, झाले. पाऊस चांगला झाला तर ते भरते, नाही तर तळ दिसतो. वरच्या गावांनी अंजीर आणि सीताफळ धरले. कमी पाण्यात तग धरणारी ही झाडे इथल्या हलक्या जमिनीला मानवली आणि पुरंदरचे नाव झाले. अलीकडे पुरंदर उपसा योजनेतून मुळा-मुठेचे, म्हणजे बरेचसे पुण्याने वापरून सोडलेले पाणी पंपाने डोंगर चढवून इकडे आणले जाते.

या सगळ्या वर्षांत नदीच्या पात्राकडे मात्र दुर्लक्ष झाले. पात्रातली वाळू पावसाळ्याचे पाणी धरून ठेवते आणि काठच्या विहिरींना पाझर देते. ती उपसली गेली. कोरड्या पात्राच्या कडेला वस्ती सरकत गेली. 25 सप्टेंबर 2019च्या रात्री पुरंदरात धुवांधार पाऊस झाला, नाझऱ्यातून पाणी सोडावे लागले आणि कऱ्हा पात्राबाहेर आली. बारामतीत नदीकाठची वस्ती घाईने हलवावी लागली.

बारामतीतल्या काठाचे सुशोभीकरण हाती घेतले गेले, ते चांगलेच आहे. पण तो पूर आला वरच्या उघड्या डोंगरांवरून, आणि उन्हाळ्यात विहिरी आटतात त्याही तिथेच पाणी मुरत नाही म्हणून. खर्च आधी गराड्यापासून सासवडपर्यंतच्या ओढ्यांवर व्हायला हवा.