जुनी गाणी म्हणजे फक्त साठचं दशक नव्हे

खानदेशात वर्षानुवर्षं ऐकतोय : जुन्या गाण्यांच्या रेडिओने १९५०-६०चीच गाणी लावावीत, वयस्कांना तीच हवीत. हे खरं नाही. मनात सर्वात खोल रुततात ती साधारण दहा ते पंचवीस या वयात कानावर पडलेली गाणी. हिशेब करा. अमळनेरला कपाशी वेचणाऱ्या साठीतल्या मावशी १९८०च्या सुमारास शाळकरी मुलगी होत्या. १९५७ साली विविध भारती सुरू झाली तेव्हा त्यांचा जन्मही नव्हता! म्हणून यादी सालावरून नको, श्रोत्यांच्या वयावरून हवी. दर काही वर्षांनी ती पुढे सरकवावी लागेल. आणि श्रावणात बायका म्हणतात ती आमच्या खानदेशच्या कानबाई देवीची अहिराणी बोलीतली गाणी? ती यादीत नसली, तर मला ते स्टेशन परकंच वाटतं.